महिन्याला १० टक्के कुणीच देत नाही: शेअर मार्केट, उसनवारी आणि कर्जफेडीचा साधा हिशेब

शेवगाव (प्रतिनिधी) : शेवगाव-पाथर्डी पट्ट्यात २०२४ साली काय झालं ते नव्यानं सांगायची गरज नाही. शेअर मार्केटच्या नावाखाली लोकांकडून पैसे घेणारे एकामागून एक ऑफिसला कुलूप लावून गेले. पोलीस ठाण्यात गुन्हे दाखल झाले. कुणाचे उसाचे पैसे गेले, कुणाचे मुलीच्या लग्नाचे, तर कुणी सोनं गहाण ठेवून पैसे लावले होते.

आधी स्वतःचं सांगतो. अशाच एका ऑफिसच्या उद्घाटनाची बातमी मी फोटोसह दिली होती. नंतर उसाच्या बिलातले दीड लाख रुपयेही तिथं दिले. चार महिने १५-१५ हजार आले, म्हणजे ६० हजार. मग फोन बंद. माझे ९० हजार गेले. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. मला पैसे येतात हे बघून माझ्या चुलतभावानं घरातलं सोनं बँकेत ठेवून ३ लाख लावले. त्याला एकच महिना पैसे मिळाले. सोनं अजून बँकेतच आहे.

म्हणून ही माहिती एका जागी लिहून ठेवतोय. यात कुठला शेअर घ्यावा हे नाही. पैसा लावण्याआधी आणि कर्ज फेडताना हिशेब कसा करायचा, एवढंच आहे.

१) आधी सगळं 'वर्षाला शेकडा किती' यात आणा

आपल्याकडं हातउसने देणारा 'तीन रुपये शेकडा' म्हणतो. ते महिन्याचं असतं. म्हणजे वर्षाला ३६ टक्के. बँक ११ टक्के म्हणते ते वर्षाचं असतं. ऐकायला तीन लहान आणि अकरा मोठा वाटतो. इथंच माणूस फसतो.

- २ रुपये शेकडा = वर्षाला २४ टक्के
- ३ रुपये शेकडा = वर्षाला ३६ टक्के
- ५ रुपये शेकडा = वर्षाला ६० टक्के

३ रुपये शेकड्यानं १ लाख घेतले, दर महिन्याचं व्याज मुद्दलात चढत गेलं आणि एक रुपयाही भरला नाही, तर दोन वर्षांत ते २ लाख ३ हजारांच्या पुढं जातात. दुप्पट. तुम्ही घेणारे असा किंवा देणारे, आकडा आधी वर्षावर आणा, मग बोला.

२) महिन्याला १० टक्के म्हणजे नेमकं किती?

कॅल्क्युलेटर काढा. १ लाख रुपये, महिन्याला १० टक्के, नफा परत त्यातच लावायचा:

- १ वर्षानं : सुमारे ३ लाख १४ हजार
- २ वर्षांनी : सुमारे ९ लाख ८५ हजार
- ३ वर्षांनी : सुमारे ३० लाख ९० हजार
- ५ वर्षांनी : ३ कोटींच्या वर

ज्याला ही विद्या खरंच येते, त्यानं घरचे १ लाख लावले तरी पाच वर्षांत तो कोटीत जाईल. त्याला तुमच्या ओट्यावर बसून चहा प्यायची आणि तुमचे दोन लाख मागायची गरज काय? बँक त्याला वर्षाला १२-१४ टक्क्यांनी कर्ज देत असताना तो तुम्हाला १२० टक्के का देईल? हा एक प्रश्न मी विचारला असता तर माझे पैसे वाचले असते.

मग पहिले चार-पाच महिने पैसे येतात कुठून? ५० जणांनी १-१ लाख दिले, म्हणजे ५० लाख जमले. सगळ्यांना १० टक्के द्यायला महिन्याला ५ लाख लागतात. एक रुपयाचा धंदा न करता तो तुमच्याच पैशातून दहा महिने व्याज वाटू शकतो. तेवढ्यात वेळेवर पैसे येतात हे बघून आणखी शंभर जण येतात. नवे येणारे थांबले की कुलूप लागतं. त्यामुळं 'मला तर वेळेवर मिळतंय' हा पुरावा नव्हे.

३) खरं शेअर मार्केट कसं असतं? ओळखायच्या खुणा

शेअर बाजारावर सेबीचं नियंत्रण असतं. सेबी १९८८ साली स्थापन झाली आणि १९९२ च्या कायद्यानं तिला अधिकार मिळाले. नियमानं चालणाऱ्या व्यवहारात या गोष्टी दिसतात:

1. डीमॅट खातं तुमच्या स्वतःच्या नावावर असतं. त्याला तुमचाच मोबाईल नंबर जोडलेला असतो.
2. पैसे तुमच्या बँक खात्यातून नोंदणीकृत ब्रोकरच्या खात्यात जातात. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर, फोन पे नंबरवर किंवा रोख जात नाहीत.
3. घेतलेले शेअर तुमच्या डीमॅटमध्ये दिसतात आणि व्यवहाराचे मेसेज तुम्हाला येतात.
4. ठरावीक नफ्याची हमी कुणीही देत नाही. नोंदणीकृत ब्रोकरला तशी हमी द्यायला बंदीच आहे. हमी दिली की समजा, गडबड आहे.
5. ब्रोकर आणि सल्लागाराकडं सेबीचा नोंदणी क्रमांक असतो. तो सेबीच्या वेबसाईटवर स्वतः तपासा. भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्राच्या फोटोवर जाऊ नका.

काही जण म्हणतात, 'आम्ही तुमचे पैसे सांभाळतो, पोर्टफोलिओ मॅनेजमेंट करतो.' त्यासाठी सेबीची वेगळी नोंदणी लागते आणि एका ग्राहकाकडून किमान ५० लाख घ्यावे लागतात. दोन-दोन लाख गोळा करणारा त्यात बसतच नाही.

आपल्याकडं स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिली, वर सहीचा चेक दिला की लोकांचा विश्वास बसायचा. माझाही बसला. पण नोटरी म्हणजे सेबीचा परवाना नव्हे. ज्याच्या खात्यात पैसेच नाहीत, त्याचा चेक म्हणजे नुसता कागद.

४) स्वतः ट्रेडिंग केलं तर?

'दुसऱ्याला देत नाही, मोबाईलवर मीच करतो' म्हणणारी पोरं गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी सेबीचे आकडे देतो.

- २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांचा तोटा झाला. असे व्यवहार करणारे १ कोटीच्या वर लोक होते. त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर आणि माणशी सरासरी २ लाखांच्या आसपास.
- खर्च वजा जाता १ लाखाच्या वर नफा कमावणारे १०० त फक्त १ जण.
- २०२४-२५ मध्येही १०० पैकी ९१ जण तोट्यातच.
- सकाळी घेऊन त्याच दिवशी विकणारे, म्हणजे इंट्राडेवाले, २०२२-२३ मध्ये १० पैकी ७ तोट्यात.

ऑप्शनमध्ये थोड्या पैशात मोठा सौदा करता येतो, म्हणून ते स्वस्त वाटतं. पण २०२४ च्या शेवटी आलेल्या नियमांनुसार निर्देशांकाच्या नव्या सौद्याची किंमत किमान १५ लाख ठेवलीय. तुम्ही ५-१० हजार लावले तरी सौदा १५ लाखांचा असतो. मुदतीच्या दिवशी घेतलेल्या ऑप्शनची किंमत शून्य होऊ शकते. ऑप्शन विकणाऱ्याचा तोटा तर लावलेल्या पैशाच्याही पुढं जातो.

आणखी एक हिशेब. १ लाखाचे ५० हजार झाले तर तोटा ५० टक्के. पण ५० हजाराचे परत १ लाख करायला १०० टक्के नफा लागतो. 'गेलेले काढायचे' म्हणून माणूस कर्ज काढतो आणि तिथून घर बुडायला लागतं.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण शेअरच्या नफ्यावर आहे. फ्युचर्स-ऑप्शन्सचं उत्पन्न धंद्याचं धरलं जातं. शेतकरी आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

५) शेअर घ्यायचेच नाहीत का?

तसं नाही. चांगल्या कंपनीचे शेअर किंवा म्युच्युअल फंडाची ५०० रुपयांची एसआयपी कायदेशीर आहे. हमी मात्र कशाचीच नाही. जानेवारी ते मार्च २०२० मध्ये, करोनाच्या वेळी, निफ्टी जवळपास ३८ टक्के पडला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो जुन्या उंचीच्या वर गेला. ज्याचे पैसे मोकळे होते तो थांबला आणि वाचला. ज्यानं पेरणीचे किंवा व्याजानं काढलेले पैसे लावले होते त्याला पडत्या भावात विकावं लागलं. शेअर दोघांचा तोच होता.

म्हणून शेअरमध्ये तेवढाच पैसा लावा जो पाच वर्षं लागणार नाही, जो कर्जाचा नाही आणि जो गेला तरी चूल बंद पडणार नाही. या तिन्हीत बसत नसेल तर तो पैसा शेअरचा नाही.

आपण शेतकरी तर आधीच बाजारात आहोत. कांदा चाळीत ठेवायचा की घोडेगाव-नेप्तीला न्यायचा, हा सट्ट्यासारखाच निर्णय असतो. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांदा निर्यातबंदी केली. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के निर्यात शुल्क लावून. शुल्क पूर्ण हटलं १ एप्रिल २०२५ ला. एका आदेशानं आपली पट्टी कशी खाली येते ते आपण बघितलंय. नोकरदाराचा पगार ठरलेला असतो, आपलं उत्पन्नच वर-खाली होतं. ज्याची कमाई अशी, त्यानं उरलेल्या पैशात आणखी जोखीम घ्यायची की घर सावरायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

६) कर्जाची वही : कोणतं आधी फेडायचं?

एक वही घ्या, घरातल्या सगळ्यांना बसवा. बायकोच्या नावचं गटाचं कर्ज, पोरानं मोबाईल ॲपवरून काढलेलं कर्ज, सगळं लिहा. लपवलेलं कर्जच जास्त वाढतं. चार रकाने आखा: कुणाकडून, किती बाकी, वर्षाला व्याज किती, मुदत कधी.

व्याजाचे दर साधारण असे असतात (तुमच्या कागदावरचा आकडा धरा):

- सोसायटीचं पीककर्ज, वेळेत भरलं तर : ० टक्के
- बँकेचं सोनेतारण : ९ ते १२ टक्के
- मायक्रोफायनान्स : २० ते २६ टक्के
- हातउसने, सावकारी : २४ ते ६० टक्के
- क्रेडिट कार्डाची थकबाकी : ३६ टक्के आणि वर

आता उदाहरण घ्या. एका घरात पीककर्ज दीड लाख, सोनेतारण ८० हजार, मायक्रोफायनान्स ४० हजार आणि हातउसने ५० हजार (३ रुपये शेकडा). कांद्याचे १ लाख हातात आले. काय करायचं?

1. हातउसने ५० हजार आधी संपवा. वर्षाचं १८ हजार व्याज वाचलं. ही खात्रीची कमाई आहे. कुठलंही मार्केट ३६ टक्क्यांची खात्री देत नाही.
2. मग मायक्रोफायनान्स. मुदतीआधी बंद केलं तर नेमके किती भरायचे ते संस्थेकडून लेखी घ्या.
3. उरलेले १० हजार बँकेत ठेवा. दवाखाना किंवा मोटार जळाली तर परत सावकाराकडं जावं लागू नये.
4. सोनेतारणाचं व्याज भरत राहा, मुदत चुकवू नका. नाहीतर लिलावाची नोटीस येते.
5. पीककर्जाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्याला व्याज कमी आहे, पण तारीख चुकली की सवलत जाते.

७) पीककर्ज : स्वस्त कर्ज हातचं घालवू नका

केंद्राच्या योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं. वेळेत फेडलं तर ३ टक्के सवलत, म्हणजे ४ टक्के पडतं. वरचा भार राज्य सरकार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उचलतं. त्यामुळं वेळेत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. तारीख सोसायटीच्या सचिवाकडून किंवा बँकेतून लेखी विचारून घ्या.

१ जानेवारी २०२५ पासून शेतीसाठी २ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

नवं-जुनं करायला काही जण दोन दिवसांसाठी ५ रुपये शेकड्यानं पैसे उचलतात. दोन दिवसांचे दोन महिने झाले तर शून्य टक्क्याचा फायदा तिथंच जातो. त्यापेक्षा मार्चपासूनच थोडे थोडे बाजूला काढा.

शून्य टक्क्यानं पीककर्ज काढून ते ट्रेडिंगला लावणारेही भेटले. पैसे बुडले की थकबाकी होते, सवलत जाते, सिबिल खराब होतं आणि पुढच्या हंगामाला सावकाराशिवाय दार उरत नाही.

कोणतंही बँक किंवा फायनान्सचं वैयक्तिक कर्ज घेताना आता एक-दोन पानांचं माहितीपत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचं खरं व्याज किती पडतं ते लिहिलेलं असतं. सही करण्याआधी ते वाचा. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असाही नियम आहे. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

८) सावकाराबाबत कायदा काय सांगतो?

आपल्या जिल्ह्याला हे दुखणं जुनं आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जाचे कागद जाळले. त्यानंतर इंग्रज सरकारनं १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आणला.

आज महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे. व्याजापोटी जमीन बळकावली असेल तर १५ वर्षांच्या आतल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडं करता येते. चौकशीत ते सावकारीतून झालं असं ठरलं तर जमीन परत मिळू शकते. तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात अर्ज घेतात. कर्जापोटी कोऱ्या स्टॅम्पवर किंवा खरेदीखतावर सही करू नका.

९) ठेव कुठं ठेवायची?

बँकेतल्या ठेवीला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा असतो (४ फेब्रुवारी २०२० पासून). नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ४ ऑक्टोबर २०२३ ला रद्द केला, तेव्हा हा ५ लाखांचा अर्थ आपल्या जिल्ह्याला समजला. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पतसंस्था जास्त व्याज देते ते का, हे विचारा आणि सगळा पैसा एका जागी ठेवू नका.

१०) फसलोच तर?

- लाजून गप्प बसू नका. बँक स्टेटमेंट, चेक, नोटरी आणि व्हॉट्सॲप मेसेजचे स्क्रीनशॉट आजच जमवा.
- ऑनलाईन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.
- चेकची मुदत ३ महिने असते. परत आला तर बँकेच्या मेमोनंतर ३० दिवसांच्या आत वकिलामार्फत नोटीस जायला हवी.
- पोलिसांत तक्रार द्या. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा (एमपीआयडी) लागला तर आरोपीची मालमत्ता जप्त होऊन ठेवीदारांना वाटता येते. वेळ लागतो, पण आपलं नाव यादीत असलं पाहिजे.
- 'तुमचे पैसे काढून देतो, आधी फी भरा' म्हणणारा दुसरा ठग असतो.
- कर्जानं जीव घाबरा झाला असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं. पैसा परत कमावता येतो, माणूस परत येत नाही.

माझी वही मीही केली. चुलतभावाच्या सोनेतारणाचं अर्धं व्याज मी भरतो. ते भरावं असं कुठल्या कायद्यात नाही, पण त्यानं माझ्याकडं बघून पैसे लावले होते. आणि ऑफिसच्या उद्घाटनाची बातमी आली, तर फोटो काढण्याआधी मी सेबीचा नोंदणी क्रमांक मागतो. गेल्या वर्षभरात दोघांना मागितला, दोघंही 'नंतर पाठवतो' म्हणाले. बातमी दिली नाही.

हा लेख घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. व्याजदर आणि नियम बदलत असतात, व्यवहाराआधी बँकेत किंवा सोसायटीत खात्री करून घ्या.